पुसण्याआधी उतारा पाहा

शेतकऱ्याच्या घरात जमिनीची गोष्ट निघाली, की दोन कागदांची नावे हटकून कानांवर येतात. एक सातबारा आणि दुसरा आठ-अ. सातबारा एकेका गटाची हकिकत सांगतो. आठ-अ त्या खातेदाराची गावातली सारी जमीन एका ठिकाणी दाखवतो. ओढ्याकाठचा तुकडा, माळावरचा तुकडा, विहिरीजवळची पट्टी, सगळ्यांची बेरीज त्यात असते. कर्ज काढायचे असो, भावाभावांत वाटणी व्हायची असो, की जमीन विकायची असो. शहाणा माणूस आधी आठ-अ काढून पाहतो. मी आज जी गोष्ट सांगणार आहे ती संगणकातली आहे. पण तिचे मर्म ह्या उताऱ्यात आहे, म्हणून सुरुवात तिथून केली.

दोन वर्षांपूर्वीची हकिकत. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एका कोपऱ्यात एक संगणक अहोरात्र चालू असतो. त्याला आम्ही सर्व्हर म्हणतो. कार्यालयाची कागदपत्रे, ग्रंथालयाच्या नोंदी आणि विद्यार्थ्यांनी गावोगाव फिरून जमवलेले ध्वनिमुद्रण हे सारे त्यातच साठवलेले. हे ध्वनिमुद्रण म्हणजे म्हाताऱ्या बायांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या. जाती केव्हाच अंगणात पालथी पडली. पण ओव्या त्या बायांच्या ओठांवर होत्या. मुलांनी त्या टिपून आणल्या. मुद्रण चांगले व्हावे म्हणून मुलांनी मोठमोठ्या फायली ठेवल्या होत्या, आणि तिथेच घोटाळा झाला. एका सकाळी नवे मुद्रण चढवताना पडद्यावर उत्तर आले, जागा शिल्लक नाही.

मी अर्थशास्त्राचा माणूस. जागा नाही म्हटल्यावर मला एकच मार्ग सुचला, की जुने काहीतरी काढून टाकावे. मी पहिल्या वर्षीचे एक फोल्डर उघडले, त्यात एका गावच्या वीस-बावीस ओव्या होत्या. ह्यांची नक्कल कोणाकडे तरी असेलच असे मनाशी म्हणालो आणि पुसून टाकल्या. दुसऱ्या फोल्डरला हात घालणार, इतक्यात आमचे प्रयोगशाळा-सहायक आत आले. काय चालले आहे ते पाहून म्हणाले, “सर, थांबा जरा. पुसायच्या आधी खात्याचा उतारा तरी काढून बघू या.” मी म्हणालो, “संगणकाचा कसला आला उतारा?” ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी तीन अक्षरे टंकली. त्या तीन अक्षरांचीच आजची गोष्ट.

ती समजायची तर आधी जागेची व्यवस्था समजली पाहिजे. संगणकातली हार्ड डिस्क म्हणजे शेताचा तुकडा असे धरा. जुनी रीत अशी, की तुकड्यावर पहिल्याच दिवशी बांध घालायचे. इतकी जागा कार्यालयाला, इतकी ग्रंथालयाला. पुढे कार्यालयाची जागा ओसंडून वाहू लागली आणि ग्रंथालयाची निम्मी पडून राहिली, तरी मधला बांध सहजासहजी हलत नाही. शिवाय नवी डिस्क आणली तर ती वेगळे शेत. जुन्या शेताला ती जोडता येत नाही.

ह्यावर मोठ्या यंत्रांच्या कारखानदारांनी फार पूर्वीच एक उपाय काढला होता. एका डिस्कवर एक बांध असे न करता, सगळ्या डिस्का एका खात्यावर चढवायच्या आणि वाटण्या त्या खात्यातून द्यायच्या. लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स ह्या फिनलंडच्या विद्यार्थ्याने सुरू केली, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. त्या लिनक्ससाठी १९९८ साली हाइन्झ माउल्सहागेन ह्यांनी ही व्यवस्था लिहिली. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीच्या यंत्रांवर अशी व्यवस्था आधीपासून होती, तिचाच आराखडा त्यांनी समोर ठेवला. हिला लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर म्हणतात, थोडक्यात एलव्हीएम.

लिनक्स म्हणजे काही परदेशातल्या प्रयोगशाळांपुरतीच वस्तू आहे असे समजू नका. केरळातल्या सरकारी शाळांत मुले त्यावरच संगणक शिकतात. आपल्याकडे सी-डॅक ह्या सरकारी संस्थेने बॉस नावाचा त्याचा भारतीय संच काढला. तेव्हा एखाद्या शाळेच्या खोलीत असा संगणक असणे अगदी शक्य आहे, आणि त्याची किल्ली गुरुजींच्याच हाती असणार.

ह्या व्यवस्थेत तीन पायऱ्या आहेत. नावे इंग्रजी असली तरी अर्थ आपल्या ओळखीचे आहेत. पहिली पायरी फिजिकल व्हॉल्यूम, म्हणजे प्रत्यक्षातला तुकडा, एकेक डिस्क किंवा तिचा भाग. दुसरी पायरी व्हॉल्यूम ग्रुप. हे एकत्र कुटुंबाचे खाते. सगळे तुकडे त्याच्या नावावर. तिसरी पायरी लॉजिकल व्हॉल्यूम, म्हणजे त्या खात्यातून कोणाला दिलेली वाटणी. वाटणी घेणाऱ्याला आपली जागा कोणत्या तुकड्यात आहे हे माहीत असण्याची गरज नाही. निम्मी ओढ्याकाठी आणि निम्मी माळावर असली, तरी त्याला ती सलग दिसते. ही खऱ्या जमिनीला न साधणारी गोष्ट इथे साधते.

वाटणीला माप लागते. आपण जमीन गुंठ्यांनी मोजतो. चाळीस गुंठ्यांचा एकर. इथल्या गुंठ्याला एक्स्टेंट म्हणतात, आणि तो कोणी मुद्दाम बदलला नसेल तर ४ मेबिबाइटचा असतो. सारे देणेघेणे ह्या गुंठ्यांत चालते.

आता उताऱ्याकडे वळू. संगणकावर एक काळी खिडकी उघडते, तिला टर्मिनल म्हणतात. तिथे चित्रे नसतात, बटणे नसतात. आपण शब्द टंकायचा, एंटर दाबायचे, की उत्तर येते. पुष्कळांना ह्या खिडकीची धास्ती वाटते. मला तर फारच वाटे. पण विचार केला तर चावडीवर जाऊन तोंडाने विचारण्यासारखेच आहे ते. नेमके विचारले की नेमके उत्तर मिळते.

विचारायचा शब्द असा. इंग्रजी लहान लिपीत व्ही, जी आणि एस ही तीन अक्षरे सलग. व्हीजी म्हणजे व्हॉल्यूम ग्रुप, आणि एस हा अनेकवचनाचा. म्हणजे, खाती दाखव! मात्र ही माहिती वाटेल त्याला मिळत नाही, यंत्राच्या मालकाचा अधिकार लागतो. म्हणून आधी सुडो हा शब्द, एस-यू-डी-ओ, मग एक जागा सोडून ती तीन अक्षरे. सुडो म्हटले की परवलीचा शब्द विचारतात. तो टंकताना पडद्यावर बहुधा काहीच उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. कळफलक बिघडला असे समजून पुष्कळ जण इथेच उठून जातात. बिघडलेले काही नसते. शब्द नीट टंकून एंटर दाबावे.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण भीतीचे मूळ तिथे आहे. ही आज्ञा काहीही बदलत नाही. पुसत नाही, हलवत नाही, वाटत नाही. उतारा काढल्याने जमीन कमी होत नाही, तसेच हे. दिवसातून दहा वेळा विचारा, यंत्र दहा वेळा सांगेल.

त्या सकाळी आमच्या पडद्यावर शीर्षकाची एक ओळ आली आणि तिच्याखाली उत्तराची एक ओळ. तीत सात रकाने होते. पहिल्यात खात्याचे नाव, डेटा. दुसऱ्यात २, म्हणजे ह्या खात्यावर दोन डिस्का आहेत. तिसऱ्यात ३, म्हणजे तीन वाटण्या दिल्या आहेत. चौथ्यात शून्य, हा रकाना वाटणीच्या क्षणचित्रांचा, ती आम्ही कधी घेतली नव्हती. पाचव्यात सहा खुणा. सहाव्यात एकूण जागा, १.३६ आणि पुढे इंग्रजी टी, म्हणजे टेबिबाइट. सातव्यात शिल्लक. तिथे एक कोनासारखी खूण, तिच्यापुढे ४९७.२७ आणि जी.

मी तो सातवा रकाना पुन्हा पुन्हा वाचला. ४९७ गिबिबाइट शिल्लक! आणि मी जागा नाही म्हणून ओव्या पुसत बसलो होतो.

हे झाले कसे? श्रोतेहो, इथेच खरी मेख आहे. जागा शिल्लक असणे दोन प्रकारचे असते. आमच्या प्रत्येक वाटणीला ३०० गिबिबाइट दिले होते. तीन वाटण्यांचे ९००. ध्वनिमुद्रणाची वाटणी काठोकाठ भरली, म्हणून त्या घरातून ओरड आली, की जागा नाही. ती ओरड खरी होती. वाटणीत किती उरले हे सांगणारी आज्ञा वेगळी, तिचे नाव डीएफ. डीएफला विचाराल तर शंभर टक्के भरले असेच ती सांगणार. पण वाटणी भरली म्हणजे खाते संपले असे नव्हे. खात्यात अजून कोणालाच न दिलेली जमीन पडून असू शकते, आणि ती डीएफला दिसत नाही. ती व्हीजीएसच्या शेवटच्या रकान्यात दिसते. एकजण घरात किती दाणे आहेत ते सांगतो, दुसरा शिवारात किती जमीन पडीक आहे ते. दोघांचेही ऐकावे लागते.

आमच्या बाबतीत झाले होते असे. यंत्रात आधी एकच डिस्क होती. पुढे ते सांभाळणाऱ्या गृहस्थांनी दुसरी आणून खात्याला जोडली. काम चोख केले. पण त्याची नोंद कुठे ठेवली नाही आणि ते दुसरीकडे नोकरीला गेले. बापाने घेतलेल्या जमिनीची पोरांना वार्ताच नाही, अशी घरे आपण पाहतोच. तसेच आमचे झाले.

आता मापाविषयी दोन शब्द, कारण इथे पुष्कळांना आपण फसवले गेलो असे वाटते. आमची पहिली डिस्क दुकानातून एक टेराबाइटची म्हणून आणलेली, म्हणजे एकावर बारा शून्ये ह्याहून किंचित जास्त बाइटांची. ती इथे ९३१.५१ जी अशी दिसते. मग उरलेले कुठे गेले? कुठेच गेले नाहीत. दुकानदार हजारांच्या पटीत मोजतो आणि ही आज्ञा १०२४ च्या पटीत मोजते. पूर्वी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे. धान्य तेच, माप वेगळे. आकड्यापुढचा जी लहान लिपीतला असेल तर माप १०२४ चे समजावे. आकड्याआधीची कोनासारखी खूण गणितातली ‘पेक्षा लहान’ ही खूण आहे. तिचा अर्थ, दाखवलेल्या आकड्याहून खरा आकडा किंचित कमी आहे. शिक्षकांनी हे वर्गात अवश्य दाखवावे. मुलांना घातांक शिकवायला ह्याहून चांगले उदाहरण मिळायचे नाही.

ह्याहून तपशील हवा असेल तर व्हीजीडिस्प्ले नावाची थोरली बहीण आहे. ती एका ओळीऐवजी पानभर उत्तर देते आणि गुंठ्यांचा हिशेब मांडते. आमच्या खात्यात तिने एकूण गुंठे ३,५७,७०१ दाखवले. वाटलेले २,३०,४०० आणि शिल्लक १,२७,३०१. शिलकेला चाराने गुणा आणि १०२४ ने भागा, ४९७ वर थोडे असे उत्तर येते. सहायकांनी मला हे कागदावर करायला लावले. यंत्राचा हिशेब आपल्या हाताने जुळला, की त्या काळ्या खिडकीवर माणसाचा विश्वास बसतो.

कोणत्या डिस्का खात्यावर आहेत त्यांची नावेही त्याच उताऱ्यात हवी असतील, तर व्हीजीएसपुढे जागा सोडून आडवी रेघ आणि ओ, मग पुन्हा जागा सोडून अधिक चिन्हाला जोडून पीव्ही, खालची रेघ, नेम असे टंकावे. प्रत्येक डिस्कची एक ओळ येते. एकच खाते दोन ओळींत दिसले म्हणून खाती दोन झाली असे समजू नये.

आणि कधी व्हीजीएस टंकल्यावर काहीच उत्तर आले नाही तर? तर घाबरू नये. त्याचा अर्थ इतकाच, की त्या यंत्रावर असे एकत्र खाते बांधलेलेच नाही, जागा जुन्या रीतीने बांध घालून दिलेली आहे. पुष्कळ संगणकांवर तसेच असते. मात्र काल उत्तर येत होते आणि आज येत नाही, असे झाले तर ती काळजीची गोष्ट. तेव्हा हात न लावता जाणकाराला बोलवावे.

काळजीची आणखी एक खूण त्या पाचव्या रकान्यात असते. तिथल्या सहा खुणा म्हणजे खात्याची प्रकृती. नेहमीच्या निरोगी खात्यात डब्ल्यू, झेड, दोन आडव्या रेघा, एन आणि शेवटी एक रेघ असे दिसते. डब्ल्यू म्हणजे लिहिता येते. झेड म्हणजे आकार बदलता येतो. इतरांचा तपशील आज नको; चौथ्या जागेवर मात्र नजर ठेवा. तिथे रेघेऐवजी पी हे अक्षर दिसले, तर खात्यावरची एखादी डिस्क यंत्राला सापडत नाही. एक गटच शिवारातून नाहीसा झाला म्हणा ना! अशा वेळी यंत्र बहुधा वरती इशाऱ्याच्या ओळीही छापते. वायर निखळली असेल किंवा डिस्क मेली असेल. त्या क्षणी नवीन काही लिहू नये, वाटणी वाढवू नये.

ह्यातून एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. दोन डिस्का एका खात्यावर आणल्या म्हणजे माल दुप्पट सुरक्षित झाला, असे मुळीच नाही. साधे खाते म्हणजे नक्कल नव्हे. त्यातली एक डिस्क गेली तर तिच्यावरचा माल गेला, आणि एखादी वाटणी दोन्ही डिस्कांवर पसरली असेल तर एकीच्या मरणाने ती सारीच मोडते. नक्कल वेगळी ठेवावी लागते, वेगळ्या डिस्कवर आणि शक्य तर वेगळ्या इमारतीत. बियाणे आणि खायचे धान्य एकाच कणगीत ठेवत नाहीत, हे कुणबी जाणतो.

पुढे काय झाले ते सांगतो. सहायकांनी घाई केली नाही. आधी बाहेरची एक डिस्क आणून ओव्यांची सगळी नक्कल करून घेतली. मग दुसऱ्या डिस्कची प्रकृती तपासली, कारण वाटणी वाढवली की नवा माल तिच्यावर जाणार होता. ती ठणठणीत निघाली. तेव्हा कुठे त्यांनी एलव्हीएक्स्टेंड ह्या आज्ञेने ध्वनिमुद्रणाची वाटणी १०० गिबिबाइटने वाढवली. त्या आज्ञेत आडवी रेघ आणि लहान आर घालायला विसरू नका, असे त्यांनी मला बजावले. नाहीतर वाटणीची हद्द वाढते, पण आतली नांगरट जुन्या बांधापाशीच थांबते. मग डीएफ पुन्हा भरले म्हणूनच सांगते. यंत्र बंदही करावे लागले नाही. सगळे काम चहा निवण्याच्या आत झाले. पुन्हा व्हीजीएस विचारले तर शिल्लक ३९७.२७. हिशेब जुळला.

त्या दिवशी मी एक वही घातली. अजून ती त्या संगणकाशेजारी असते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी कोणीतरी विद्यार्थी व्हीजीएस विचारतो आणि ती ओळ तारीख घालून वहीत उतरवतो. कोणती डिस्क केव्हा आणली, कोणी जोडली, कोणती वाटणी कशासाठी वाढवली हेही त्यात येते. यंत्र आपल्या नोंदी यंत्रातच ठेवते हे खरे. पण यंत्र आजारी पडले तर त्या वाचायच्या कशा? कागदाला वीज लागत नाही. शाळा-महाविद्यालयांतल्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींना माझे सांगणे इतकेच आहे, की एवढी एक वही घाला. माणसे बदलून जातात. मागून येणाऱ्याला आपल्याकडे काय आहे हे कळले पाहिजे.

आता त्या पुसलेल्या ओव्यांविषयी. काळ्या खिडकीतून पुसलेले कचऱ्याच्या टोपलीत जात नाही, ते जाते ते जातेच. नक्कल कोणाकडे तरी असेल असे मी म्हणालो होतो. मी त्या वर्षीच्या मुलांना एकेकाला विचारले. कोणाचा फोन बदलला होता, कोणाचे कार्ड हरवले होते. नक्कल कोणाकडेच निघाली नाही. मग एका रविवारी मी त्या गावी गेलो. म्हटले, आजींना पुन्हा विनंती करू. घरी सुनेने पाणी दिले आणि सांगितले, “आत्याबाई गेल्या पावसाळ्यात गेल्या.” मी काय बोलणार? जरा वेळाने ती आपणहून म्हणाली, “मला चार-दोन येत्यात त्यांच्या. सांगू का?” तिने तीन ओव्या म्हटल्या. त्या मी टिपून आणल्या, आणि आता त्या तीन ठिकाणी ठेवल्या आहेत.

बाकीच्या गेल्या. जागा ढीगभर होती. पुसण्याआधी विचारायला हवे होते, एवढेच.